‘मी आहे ना’ला इंग्रजीत काय म्हणतात

तिचा डावा हात वर गेला आणि डॉक्टरांनी मशीन थांबवलं.

"दुखतंय?"

तिनं मान हलवली. नाही. तोंडात कापसाचे बोळे, ओठाला अडकवलेली, लाळ ओढत गुरगुरणारी नळी... बोलणार तरी कशी? डॉक्टरांनी मशीन सुरू केलं आणि पुन्हा इंग्रजीत बोलू लागले. युवर टूथ हॅज गॉन बॅड फ्रॉम इनसाइड ओन्ली. हात वर. मशीन बंद. दुखतंय? नाही. नाऊ आय विल गिव्ह यू वन स्मॉल पेन. हात वर.

दुखलं तर डावा हात वर करा, हे खुर्चीत बसतानाच सांगितलं होतं. त्यामुळे बिचारे दरवेळी थांबत होते, आत डोकावत होते, दाढेत काहीच सापडत नव्हतं. पुन्हा एकदा हात वर गेला तेव्हा ते मास्कच्या वरून तिच्याकडे नुसते बघत राहिले. तिनं हवेत बोटानं एक आडवी रेघ मारली — वाक्य खोडतात तशी.

"म्हणजे... माझं इंग्रजी दुखतंय?"

तिनं जोरात मान डोलावली. मास्क हलला. आतला माणूस हसत होता, आणि डोळे त्याला लपवता येत नव्हते.

(मध्येच थांबून सांगायला हवं, ही कोण ते.)

एका मोठ्या कंपनीतून परदेशी जाणारी पत्रं तिच्या हाताखालून जायची. वाक्यं तिच्या टेबलावर लंगडत यायची आणि ताठ चालत जायची. ‘काइंडली डू द नीडफुल’ दिसलं की ती लिहिणाऱ्याला विचारायची, म्हणजे समोरच्यानं नक्की काय करायचं? सही की फोन? मग तेवढंच लिहा. ऑफिसात तिचं नाव खोडरबर. ती चहा घ्यायला आली की तिथल्या गप्पा आटपायच्या. आपणहून खोडून घ्यायला कोण थांबेल? आई म्हणायची, तुला बघायला येणारा मुलगा आधी व्याकरण पाठ करून येईल. ताई म्हणायची, येईल आणि जिन्यातूनच परत जाईल.

डॉक्टरांचा दवाखाना किल्ल्या बनवणाऱ्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. काउंटरवरच्या मावशी प्रत्येक पेशंटला विचारायच्या, डॉक्टर इंग्रजीत बोलले तर चालेल का? सरावाला पेशंटच का, याचं कारणही त्याच सांगून टाकायच्या. "त्यांना सराव करायचाय. आणि तुम्हाला उलट बोलता येत नाही."

सराव कशाला, ते त्या दिवशी बोळे निघाल्यावर कळलं. डेंटल कॉलेजात शिकवायची जागा होती. वर्गासमोर खऱ्या पेशंटवर काम करून दाखवायचं, तेही इंग्रजीत, कारण निम्मी मुलं बाहेरदेशची. मागच्या वेळी डॉक्टर पेशंटला म्हणाले होते, ‘स्पिट अँड कम’. सगळा वर्ग बाकांवर लोळला. कॉलेज एका माणसाला दोनदाच बोलावतं. आता ही दुसरी वेळ.

"थुंकून या, याचं दुसरं काय करणार?" डॉक्टर म्हणाले.

"यू कॅन रिन्स नाऊ."

"यात थुंकणं कुठेय?"

"ते माणूस आपलं आपण करतो. इंग्रजीत सगळं सांगायचं नसतं."

"बरंय की. आमच्याकडे सगळं सांगतात."

रूट कॅनालला बऱ्याच खेपा लागतात. तिनं आयुष्यात पहिल्यांदा किडक्या दाढेचे आभार मानले.

आधी : ओपन बिग युवर माउथ.
नंतर : ओपन वाइड.

आधी : व्हेअर इट इज पेनिंग?
नंतर : व्हेअर डज इट हर्ट?

आधी : मॅडम, तुम्ही शेवटची अपॉइंटमेंट का घेता?
नंतर : (तिचे कान लाल.)

काम संपलं की ती खुर्चीतच तिरकी बसायची, ते गोल स्टुलावर. डॉक्टर एक वाक्य म्हणायचे, ती अर्ध्यातच अडवायची. पुन्हा. पुन्हा. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं डिस्कस. तिला वाटायचं, किती छान चाललंय. दवाखान्यातून घरी जाताना ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची आणि किल्लीवाला मशीन थांबवून बघायचा.

मग एका खेपेला डॉक्टर काहीच बोलले नाहीत.

इंग्रजी नाही, मराठी नाही. ट्रेवर हत्यारं ठेवल्याचा आवाज, नळीची गुरगुर, दिवा. काय उचललं, का उचललं, आता काय होणार, काही कळेना. आणि तिला भीती वाटली. दाढ अजिबात दुखत नव्हती. तरी खुर्चीच्या दांड्यावर तिची बोटं पांढरी झाली. इतके दिवस आपण न घाबरता इथे कशामुळे बसत होतो, हे तिला तेव्हा उमगलं. तो बडबडत होता म्हणून! वाकडंतिकडं, ‘वन स्मॉल पेन’वालं, पण प्रत्येक गोष्ट आधी सांगणारं ते बोलणं तिला धरून होतं. आणि तिनं ते खोडलं होतं. पुसून स्वच्छ केलं होतं.

काम संपल्यावर तिनं विचारलं, बोलला का नाहीत?

"बोलायच्या आधीच मला तुमचा हात दिसतो," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "वर गेलेला. मग वाक्य घशातच बसतं. परवा एक आजोबा आले होते, त्यांच्याशीही बोलता आलं नाही. कॉलेजला नाही म्हणून कळवतो उद्या."

ऑफिसातला चहाचा कोपरा गप्प व्हायचा तेव्हा तिला वाईट वाटायचं, पण रडू यायचं नाही. आज आलं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "कळवू नका. चूक माझी आहे. मी शेवटाकडून, म्हणजे चुकांपासून सुरुवात केली. आता असं करू... ते आजोबा घाबरले असते, तर त्यांना काय म्हणाला असतात? आपल्या भाषेत सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

डॉक्टर बराच वेळ स्टूल इकडून तिकडे फिरवत राहिले. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "जरा टोचेल हं आजोबा. घाबरायचं नाही. मी आहे ना."

"आणि हे तुम्ही इंग्रजीत काय म्हणता?"

"आय अॅम देअर, नो?"

ती खरंच मध्ये बोलली नाही. कारण तिला बोलायला काही सुचेचना. कंपनीची हजारो पत्रं तपासलेली बाई ‘मी आहे ना’पाशी अडकली. यू आर इन गुड हँड्स? डॉक्टर म्हणाले, हे विम्याच्या जाहिरातीसारखं वाटतं. आय विल टेक केअर ऑफ यू? हे जरा... दोघंही दुसरीकडे बघू लागले. आय हॅव गॉट यू? पकडलं बरं, असं वाटतं. मावशींनी बाहेरचा दिवा मालवला, परत लावला, खोकल्या. शेवटी डॉक्टरच हळूच म्हणाले, "आय अॅम राइट हिअर. चालेल?"

पळेल, ती म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक वाक्य आधी मराठीत, मग दोघांनी मिळून शोधलेलं, त्यांच्या तोंडात बसणारं. बसलं नाही तर कितीही शुद्ध असो, फेकून द्यायचं. आणि पेशंट कोण, हा प्रश्न उरला होता तोही तिनंच सोडवला. तिची अक्कलदाढ काढायची होतीच.

"वर्गासमोर? ऐंशी लोक तोंडात बघतील तुमच्या," डॉक्टर म्हणाले.

"दाढ माझी आहे, मी देतेय. तुम्हाला काय करायचंय?"

ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, प्रेमात पडल्यावर अक्कल जाते हे माहीत होतं, दाढेसकट जाते हे आज कळलं.

वर्ग खच्चून भरलेला. पहिल्या रांगेत निवड करणारे, मध्ये चष्मा नाकावर ठेवलेल्या विभागप्रमुख बाई. ती खुर्चीत आडवी झाली. दिवा, मास्क, दोन डोळे. धिस विल स्टिंग अ बिट. आय अॅम राइट हिअर. आवाज थोडा थरथरला, मग रुळला. काय करतोय, का करतोय, पुढे काय जाणवेल... ते तिच्याशी बोलत होते आणि ऐंशी जण ऐकत होते. दाढ निघाली, आणि त्या आनंदात ते म्हणून गेले, "स्पिट अँड कम."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

डॉक्टर थांबले. मग तेही हसले, वर्गाकडे वळून म्हणाले, आमच्या घरी असंच म्हणतात, तुम्ही ‘रिन्स’ म्हणा, पण काहीतरी म्हणा. गप्प डॉक्टरला पेशंट घाबरतो. आता सगळा वर्ग हसला, पण त्यांच्याबरोबर. विभागप्रमुख बाई उठून खुर्चीपाशी आल्या आणि त्यांनी मुलांना तोंडात नाही, तिच्या हातांकडे बघायला सांगितलं. ते दांड्यावर सैल पडले होते, झोपलेल्या माणसाचे असावेत तसे. बाई म्हणाल्या, हे शिकवणारं कोणी आपल्याकडे नव्हतं. आता आहे.

टाळ्या कॉरिडॉरपर्यंत ऐकू आल्या. थोड्या वेळानं तिथेच ती गालावर बर्फ धरून उभी होती. डॉक्टर जवळजवळ धावतच आले. मास्क गळ्यात, केस उभे. त्यांनी आधी डॉक्टर म्हणून बजावलं, बोळा दाबून ठेवा, बिलकुल बोलायचं नाही. जिभेला बधिरता आहे, शब्द नीट येणार नाहीत.

तिनं थांबायला हवं होतं. ते वाक्य तिनं किती वेळा मनात लिहिलं होतं, खोडलं होतं, नीटनेटकं केलं होतं! पण तो समोर असा उजळून उभा होता, आणि तिला उद्यापर्यंत धीर नव्हता.

"म्हला... तुम्मी... आवत्ता," ती म्हणाली. ओठ एका बाजूला लोंबत होता. हनुवटीवर लाळ आली. "कूप. कूप आवत्ता."

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून तिची हनुवटी पुसली, अगदी सावकाश.

"पुन्हा सांगा."

"कल्लं नाई?"

"पहिल्यांदाच कळलं. पुन्हा ऐकायचंय."

आणि ती पुन्हा म्हणाली — पहिल्यापेक्षाही वाईट, वर्गातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या मुलांसमोर, मोठ्यानं.