दस्त्याची शेवटची चकती

माझ्या दुकानात रायफल घ्यायला येणारा माणूस आधी गोळीबद्दल विचारतो. दोनशे त्रेचाळीस घेऊ की तीनशे आठ, कुडू हरणाला पुरेल ना, शेजाऱ्याकडे आहे त्यापेक्षा मोठी आहे ना. 'माझ्या हाताची लांबी किती ते बघ' असं केप टाऊनपासून लांबच्या या फ्रेझरबर्गमध्ये मला आजवर कुणी आपणहून म्हटलेलं नाही. दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग, लांब झाला तर काखेत अडकतो. आखूड झाला तर धक्क्याने रायफलवरची दुर्बीण भुवईवर आपटते आणि अर्धचंद्र कोरून जाते. आमच्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसणाऱ्या निम्म्या मंडळींच्या कपाळी तो अर्धचंद्र आहे. त्यांना सांगून काही उपयोग नसतो.

कोपर काटकोनात वाकवायचं आणि त्याच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत मोजायचं, एवढंच ते माप. मुलांचं माप दरवर्षी बदलतं, म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. मूल शिकारीच्या वयाचं झालं की घरातल्या रायफलचा दस्ता कापून आखूड करायचा. कापलेलं अक्रोडाचं लाकूड टाकायचं नाही, त्याच्या चकत्या करून कपाटात ठेवायच्या. दर हिवाळ्यात, हंगामाच्या आधी, एक चकती परत चिकटवायची. शेवटची चकती बसून दस्ता पूर्ण झाला की मूल मोठं झालं. मग त्याला स्वतःची रायफल मिळते आणि ते बापाला मागे ठेवून पहिल्यांदा एकटं रानात जातं.

लोरेन्स थेरॉनच्या एल्साबेसाठी दस्ता मीच कापला होता. एकुलती एक पोर, डावखुरी, दातांत फट. माझ्या दुकानात उभी राहून तिने कोपर वाकवलं आणि मला नावाने हाक मारून बजावलं, "डावी, नीट मोज, मी लवकर वाढणार आहे." त्याच उन्हाळ्यात ती पवनचक्कीखालच्या सिमेंटच्या टाकीत बुडाली. तिची शवपेटी उचलणाऱ्यांत मी होतो. ती इतकी हलकी होती की चौघांची गरजच नव्हती. आजही त्याची आठवण झाली की माझ्या हातातलं काम थांबतं.

पुढच्या हिवाळ्यात ओम लोरेन्स (आमच्याकडे वडीलधाऱ्याला ओम, म्हणजे काका म्हणतात) रायफल, पहिली चकती आणि एक चामड्याची दोरी घेऊन आले. दोरीला गाठ होती.

"तिचं माप," ते म्हणाले.

मी चकती चिकटवून दिली. बाप वेडा झालाय, आणि एक लाकडाची चकती चिकटवून त्याला बरं वाटत असेल तर माझं काय जातं, असं मनाला सांगितलं. त्यानंतर दर हिवाळ्यात ते येत राहिले. दर वेळी गाठ थोडी पुढे गेलेली असे.

एकदा दस्ता घासताना मला दिसलं, की त्याच्या उजव्या अंगाला गुळगुळीत चकाकी आलीय. गाल टेकून टेकून येते तशी. उजव्या हाताने मारणाऱ्याचा गाल डाव्या अंगाला टेकतो, आणि ओम लोरेन्स तर जेवणापासून जांभई झाकण्यापर्यंत सगळं उजव्या हाताने करतात. तिची आठवण म्हणून डाव्या खांद्याला लावून बसत असतील, असं मी धरून चाललो.

या हिवाळ्यात ते आले तेव्हा हातात एकच चकती होती.

"ओम, ही शेवटची."

"माहीत आहे. म्हणूनच आता तिला तिची स्वतःची बघायची. डाव्या हाताच्या बोल्टची. पोरीने इतकी वर्षं घरच्या रायफलचा उजवीकडचा बोल्ट हात वरून नेऊन ओढला, कधी कुरकुर केली नाही."

"गोळी कुठली?"

"ते तू सांग. तुझं डोकं कशासाठी आहे?"

मी साडेसहा मिलिमीटरची जुनी स्वीडिश गोळी सुचवली. धक्का सौम्य, स्प्रिंगबक हरणाला भरपूर, आणि नीट मारली तर कुडूलाही पुरते. मी त्या गोळीची, डाव्या हाताच्या बोल्टची नवी रायफल काढून दिली. त्यांनी गोळी आत सारणारा बोल्ट पुढेमागे करून आवाज ऐकला, चाप दाबून पाहिला, नळी खिडकीकडे धरून आतून बघितली.

"जरा जड आहे," मी म्हणालो.

"असू दे. हलकी रायफल लाथ मारते. आणि खांदा भरलाय आता तिचा."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी मान डोलावली. ते गेल्यावर मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तान्नी हेस्टर, म्हणजे हेस्टरकाकू, त्यांची बायको, पीचच्या मुरंब्याची बाटली घेऊन आली. स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. नवऱ्याचं हे खूळ थांबव असं सांगायला आली असणार, असं मला वाटलं आणि जीव भांड्यात पडला.

"डावी, शेवटची चकती चिरून दोन कर," ती म्हणाली. "तीन झाल्या तर तीन."

"का, तान्नी?"

"दस्ता पूर्ण झाला की ती जाईल. सगळ्यांचीच जातात. तुझी पोर नाही गेली केप टाऊनला?"

"माझी फोन करते," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "लोरेन्सला म्हटलं तर म्हणतो, वाढलेल्या पोरीला घरात बांधून ठेवू नये, हेस्टर. मोठा शहाणा. त्याला रान आहे, मेंढ्या आहेत. मी त्या घरात दिवसभर कुणाची चाहूल ऐकू?"

"तान्नी, दोरीवर गाठ ओमच मारतात ना?"

"मलाही आधी तसंच वाटायचं. मागच्या वर्षी तो पाठीच्या ऑपरेशनला केप टाऊनला होता. दोरी माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. तरी गाठ सरकलीच." तिने माझ्या बाकावरची दोरी उचलून पुढे केली. "आणि बघ कशी मारलीय."

मी बघितली. गाठ उलटी होती. डावखुरा माणूस मारतो तशी.

मी तिला हो म्हणालो. चकती बारीक पात्याच्या करवतीने मधोमध चिरली, एक अर्धी चिकटवून दस्ता शिकंज्यात आवळला आणि दुसरी शर्टाच्या खिशात टाकून बटण लावलं. फसवाफसवी होती, पण एका आईसाठी होती, आणि मला त्या फसवण्याचं जराही वाईट वाटलं नाही.

सकाळी शिकंजा सोडला. दोरी लावून पाहिली. दस्ता गाठीपर्यंत बरोबर पोचत होता, पूर्ण लांबीचा.

मी तो उजेडात नेला. इतकी वर्षं लाकूड जोडतोय, जोड कितीही घासला तरी माझा मला दिसतो. मागच्या सगळ्या चकत्यांचे जोड होते. शेवटचा नव्हता. अक्रोडाच्या रेषा अखंड पुढे गेल्या होत्या, झाडात असताना असतील तशा.

खिशाचं बटण लावलेलंच होतं. आत भुसा होता.

मी तान्नीला फोन केला. खोटं बोलायचं ठरवून केला होता, पण खरं तेच सांगितलं. 

"मग नवी रायफल नीट बसवून दे," ती म्हणाली. "तिचा खांदा दुखता कामा नये."

शनिवारी सकाळी शेतावर गेलो. टीक्लूफ रस्त्याच्या अंगाला, टेकडीसमोर, ओम लोरेन्सनी टेबल मांडून रायफल टेकवायला वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. झुडपांवर हिम होतं, ऊन लख्ख. मी नव्या रायफलवरच्या कड्यांमध्ये दुर्बीण बसवली, पण स्क्रू आवळले नाहीत. दुर्बीण माणसाच्या मानेप्रमाणे बसवावी लागते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल आपोआप टेकेल तिथे टेकू द्यायचा, मग डोळे उघडायचे. गोल पूर्ण दिसला की तिथेच आवळायचं.

"ओम, हे ज्याची रायफल त्यालाच करावं लागतं."

"मग स्क्रू सैल ठेव आणि चल. कॉफी निवतेय."

आम्ही पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो, टेबलाकडे पाठ करून. त्यांनी रस्क कॉफीत बुडवला आणि तो बुडून जाईपर्यंत तसाच धरला. त्यांचा म्हातारा कुत्रा चाकाशी पडला होता. तो उठला, टेबलाच्या दिशेने बघून शेपटी हलवली, आणि परत पडला.

"झालं असेल," ओम लोरेन्स म्हणाले.

आम्ही टेबलाशी परत आलो तेव्हा दुर्बीण बोटभर पुढे सरकली होती. मागच्या पिशवीत, डाव्या बाजूला, कोपराचा खळगा पडला होता.

मी स्क्रू आवळले. आवळलेलेच पुन्हा आवळले.

"फार आवळू नकोस," ते म्हणाले. "घाबरायचं काय त्यात. आपलीच आहे."

मग मी माझ्या परीने मारून नेम जुळवला, गोळ्या मध्याच्या किंचित वर आणल्या. हाताला ती रायफल सुरेख होती. माझ्या मानेला मात्र ती कुठेच बसत नव्हती.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ओम लोरेन्सचा फोन आला, म्हणाले, ये. गेलो. रायफलींचं कपाट बंद होतं, कुलूप शाबूत. आत जुनी रायफल होती. नवीची जागा रिकामी.

"ओम, पोलिसांना कळवावं लागेल. परवाना तुमच्या नावावर आहे."

"काय सांगू? पोरगी घेऊन गेली?"

तान्नी हेस्टर स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मागच्या पायरीवर सापडलं, असं म्हणून तिने ओट्यावरचं खोलगट ताट दाखवलं. त्यात स्प्रिंगबकची कलेजी होती, कोवळ्या जनावराची, स्वच्छ कापलेली, वर झुडपाची डहाळी. आमच्याकडे एकट्याने केलेल्या पहिल्या शिकारीची कलेजी आईला आणून देतात. बाहेर पायरीवर बर्फ होता. मी ताटाच्या बुडाला हात लावला. ते कोमट होतं.

"बंदुकीचा आवाज ऐकलात?"

"मी ऐकला," ती म्हणाली. "एकच. लांबून."

तिने कलेजी लोण्यावर परतली आणि तिघांना वाढली. मी खाल्ली. नाही म्हणण्याची माझ्यात हिंमत नव्हती.  मग तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं, "उद्या आणेल?"

ओम लोरेन्सनी सुरी खाली ठेवली.

"पहिल्याचीच आणतात, हेस्टर."

तिने मान हलवली. शेवटचा तुकडा ताटलीत राहू दिला, त्यावर दुसरी ताटली पालथी घातली, आणि जाऊन मागचं दार उघडं ठेवून आली.