खुर्चीवर ठेवलेला हेडफोन

क्रांती चौकातून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या तळघरात तो स्टुडिओ होता. रूपाली पहिल्यांदा जिना उतरली तेव्हा बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं, खाली मात्र दिवस आहे की रात्र, काही कळेना. खिडकी एकही नाही. चहूकडून काळे पडदे, अंगावर येणारा गारठा, आणि तापलेल्या दिव्यांवर जळणाऱ्या धुळीचा वास.

गावातल्या बातम्यांचं छोटंसं चॅनल. माणूस कामाला घ्यायची तिथली रीत वेगळीच होती. नव्या माणसानं आळीपाळीनं सगळी कामं करून बघायची. ज्यात हात बसेल तिथं कायम. कशातच नाही बसला तर घरी. रूपालीला घरी जाऊन चालणार नव्हतं. नवऱ्याशी कधीचं फाटलेलं. पाच वर्षांची तनू सिल्लोडला आजीपाशी. नोकरी पक्की झाली की खोली घेईन आणि तुला घेऊन जाईन, असं पोरीला कबूल करून ती निघाली होती.

कुणी कुठं उभं राहायचं, कधी बोलायचं ते सांगणारे काकासाहेब. पिकलेले केस, तोंडात कायम लवंग. त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात हेडफोन दिला.

"आतल्या खोलीत बसून बातम्या चालवणाऱ्या मॅडम काय सांगत्यात ते याच्यात ऐकू येतं. काम झालं की दुसऱ्याच्या हातात द्यायचा. हातात, बरं का. खुर्चीवर ठेवायचा नाय."

"का हो काका?"

"हातात दिला की कुणी घेतला ते दिसतं. खुर्चीवरून कुणी उचलला, काय सांगावं? आन इथं ज्यानं उचललं, जागा त्याची."

म्हातारा गंमत करतोय असं तिला वाटलं.

कॅमेऱ्यावर उभी राहिली तर अँकर सोनिया धूसर आणि मागची भिंत लख्ख. कॅमेरावाला शिवराज म्हणाला, "ताई, आज बातम्या भिंत सांगती का?" माईक लावायला गेली तर वायर सोनियाच्या बांगडीत अडकली. पुढं वाचायच्या ओळी पडद्यावर सरकवायचं काम दिलं, तर तिनं त्या अशा पळवल्या की सोनिया शहागंजातल्या पाण्याच्या बातमीवरून थेट वधूवर मेळाव्यात गेली, आणि नळाला दिवसाआड स्थळं येतात असं सगळ्या जिल्ह्याला सांगून बसली. सगळे हसले. रूपालीही हसली, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

आता एकच काम उरलं होतं. काकासाहेबांच्या जागी उभं राहून बोटांवर पाच, चार, तीन मोजून सोनियाला खूण करायची. हे तरी जमायलाच हवं होतं.

त्या दुपारी बातम्यांच्या थोडं आधीच फोन थरथरला. सिल्लोडहून आई. खाली धड रेंज नव्हती. फोन मुठीत धरून ती जिन्याकडं धावली, आणि धावता धावता हेडफोन अँकरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून गेली.

"तनू लई तापली गं," आई सांगत होती. "झोपेत सारखी तुला हाका मारती..."

ती खाली आली तेव्हा हेडफोन जागेवरच होता. कानाला लावला तर गरम लागला. आत्ताच कुणीतरी काढून ठेवावा तसा.

आत कुणीतरी श्वास घेत होतं.

"मॅडम...?"

"मॅडम नाय." बाईचा आवाज. लई दमलेला. "लेकरू तापलंय ना तुमचं?"

"कोण बोलतंय?"

"बसा तुम्ही. उभं राहून दमलात... मी जाते लेकराकडं."

तेवढ्यात काकासाहेब ओरडले, "रूपाली, सोनिया येईस्तोवर बस जरा खुर्चीत, दिवे लावून बघू."

हे रोजचंच होतं. ती बसली. डोक्यावरचे दिवे एकेक करून लागले. समोरच्या मॉनिटरवर टेबल दिसलं, मागची भिंत दिसली, आणि खुर्ची. रिकामी.

"अगं बस की, पोरी!"

"बसलेय ना काका..."

आवाज कापसातून यावा तसा तिच्यापाशीच राहिला. तिनं कानाशी हात नेला. हेडफोन नव्हता.

मग काळा पडदा हलला आणि हेडफोन लावलेली एक बाई पुढं आली. तिचाच हिरवा ड्रेस, तिचीच वेणी, ओढणीला तिचीच मोठी पिन. "आले काका," ती बाई म्हणाली, रूपालीच्या आवाजात. आणि पाच, चार, तीन असं मोजलं की एक बोट चुकलं नाही. बातम्या संपल्यावर हेडफोन तिनं काकासाहेबांच्या हातात दिला. अगदी हातात.

"जमलं की गं!" काकासाहेब खुश झाले.

रूपाली ओरडली, रडली, काकासाहेबांचं नाव घेऊन घेऊन घसा फाडला. खुर्चीतून उठता येईना. सोनिया रोज येऊन तिच्यावरच बसायची आणि म्हणायची, "एसी कमी करा रे, ही खुर्ची लई गार पडती."

नोकरी पक्की झाली. पेढे घेऊन ती बाई आली, आणि बोट धरून तनू.

रूपालीचा जीव डोळ्यांत आला. पोर वाळली होती. नवा फ्रॉक, दोन शेंड्या. त्या बाईनं पेढा पुढं केला तर तनूनं हात मागं घेतला.

"हातातनं नको. खाली ठेव, मग घेते."

"आईच्या हातचं नको म्हणती! नखरे बघा," शिवराज हसला.

टेबलावर ठेवलेला पेढा तनूनं उचलला, अर्धा मोडला, आणि सावकाश चालत येऊन तो अर्धा खुर्चीवर ठेवला.

"हे काय गं?" काकासाहेबांनी विचारलं.

"हे आईचं."

"आई तर ती काय तिकडं उभी हाय."

तनू खुर्चीकडंच बघत राहिली.

रूपालीचा हात पुढं गेला. पेढा, पोरीच्या बोटांचा. बोटभर अंतर राहिलं आणि तिला आठवलं, ज्यानं उचललं, जागा त्याची. हा पेढा ठेवला कुणी? तनूनं. मग जागा कुणाची जाईल?

तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "परत घे गं माय... उचल तो, उचल..." तिनं सांगितलं. कुणाला ऐकू जाणार?

"चल तनू, बस निघंल," ती बाई दारातून गोड म्हणाली.

काकासाहेब त्या बाईकडं बघत राहिले. तोंडातली लवंग चघळायची थांबली होती. मग मान झटकून त्यांनी एकेक दिवा मालवला आणि सगळे वर निघाले. जिन्यात तनू शाळेतलं गाणं म्हणत होती. आवाज वर वर जात होता.

अंधार झाला. रूपालीचे दोन्ही हात तिच्या मांडीखालीच होते, तिनं पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.

वरचं गाणं मध्येच थांबलं.

आणि इथं, तिच्या अगदी कानापाशी, कुणीतरी सावकाश पेढा चावत होतं.