शनिवारची खासदारीण

तो पहिल्यांदा आला तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून सगळा घोटाळा झाला.

बाहेर सकाळपासून पावसाची पिरपिर चालू होती. दुकानातल्या लांब बाकावर पाच-सहा मंडळी दाटीवाटीनं बसली होती आणि ती पुतळ्यावरच्या झग्याला बाही टाचत होती. दारात एक उंच, भिजलेला तरुण येऊन पायपुसण्यावर बूट घासायला लागला. तिनं मानेनंच बाकाकडे खूण केली. तो मुकाट्यानं शेवटच्या आजींशेजारी बसला, आणि चांगला तासभर बसून राहिला.

त्याचा नंबर आला तेव्हा तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "बोला. आधी काय हवंय ते सांगा, कहाणी मग."

"मला… इतिहास हवाय," तो म्हणाला.

"कशाचा?"

"तुमच्या मतदारसंघाचा. जुन्या."

बाकावर बसलेले पोस्टमनआजोबा हसता हसता खोकायला लागले. "खासदारीणबाई, हा तक्रार घेऊन नाही आलेला. उगाच बसवलंस बिचाऱ्याला."

"मग आधी बोलायचं की," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

"तुम्ही बसायची खूण केलीत. शिवाय आजींनी त्यांच्या नळाबद्दल सगळं सांगितलं. वेळ छान गेला."

हे तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, की थट्टा आहे की काय तेच तिला कळेना.

खरं तर ती शिंपीण. खासदारीण हे बाकावरच्या मंडळींनी ठेवलेलं नाव. कालव्याच्या दोन्ही काठांवरची गावं आणि डोंगरावरच्या वाड्या मिळून एके काळी इथं एक मतदारसंघ होता. शेवटचे खासदार, ज्यांना सगळे काका म्हणत, दर शनिवारी याच खोलीत बसून लोकांचं ऐकून घेत. पुढच्या अंगाला तिचे बाबा मशीन चालवत. मग माणसं पोटापाण्यासाठी शहराकडे गेली, डोकी कमी झाली, नवी आखणी आली आणि मतदारसंघाचे तीन तुकडे होऊन तीन शेजाऱ्यांच्या पदरात पडले. काकांना कुणी हरवलं नाही. लढायला जागाच उरली नाही. तरी शनिवारी ते येत राहिले. ते गेल्यावर लोक बाबांना सांगायला लागले, आणि बाबा गेल्यावर तिला. कुणाला फोन कर, कुणाच्या मागे लाग, असं तिचं शिवता शिवता चाले. नियम मात्र काकांचेच. आधी काय हवंय ते सांगायचं. उत्तर पुढच्या शनिवारी. आणि पाहण्यासारखं काही असेल तर त्याच संध्याकाळी जाऊन पाहायचं.

आईनं मात्र डोक्याला हात लावला होता. "अर्धी संसद घरात आणून बसवलीये. हिच्याशी लग्न कोण करणार?"

तसे दोघं तयार होते. चांगले होते, शिकलेले होते. पण लग्नानंतर हा शनिवारचा उद्योग बंद, असं दोघांनीही गोडीगोडीत सांगितलं, आणि तिनं दोघांनाही तितक्याच गोडीत नकार दिला. पश्चात्ताप झाला नाही. फक्त कधीकधी मंडळी उठून गेली की तो रिकामा बाक फार लांब वाटायचा.

हा इतिहासवाला मात्र दर शनिवारी यायला लागला. मिटलेल्या मतदारसंघांवर शहरात एक पुस्तक निघणार होतं, त्यातलं एक प्रकरण त्याच्याकडे होतं.

"पहिले खासदार सायकलवरून प्रचार करायचे म्हणे?"

"सायकल खरी. पण चालवायची त्यांची बायको. ते मागं बसून भाषण ठोकायचे."

"हे लिहू?"

"लिहा की. बाईंनाच निवडून द्यायला हवं होतं, असं इथं अजून म्हणतात." तिनं कात्री खाली ठेवली. "तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय."

"बऱ्याच दिवसांपासून."

"मग शिवून नाही घेतलंत?"

"शिंपिणीकडे यायचं तर… काहीतरी काम नको?"

तिनं मान खाली घालून बटण असं घट्ट शिवलं, की या जन्मी तुटू नये. दोरा दातानं तोडताना त्याच्या कोटाला पावसाचा आणि जुन्या पुस्तकांचा वास आला. नंतर तिला चुटपुट लागली. थोडं सैल ठेवायला काय झालं होतं?

मग एका शनिवारी, मंडळी गेल्यावर, त्यानं प्रकरण वाचून दाखवलं. सायकल होती, काका होते, तीन तुकडे होते. ती कौतुकानं ऐकत होती. शेवटचं वाक्य आलं, "अशा रीतीने हा मतदारसंघ कायमचा संपुष्टात आला", आणि तिचं मशीन थांबलं.

"संपला? मग सकाळी या बाकावर कोण बसलं होतं?"

"तसं नाही… कागदोपत्री तर संपलाच ना."

"बरोबर आहे. कागदोपत्री मी इथं कपडे शिवते. तुम्हीसुद्धा त्या दोघांसारखेच. ते गोडीगोडीत बंद करा म्हणाले, तुम्ही बंद झालं म्हणून लिहूनच टाकलंत."

"कोण दोघं?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं नाही. तो निघून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आईनं सहज म्हणून विचारलं, तो बटणवाला कुठं गेला? तिनं सहज म्हणून सांगितलं, त्याचं काम झालं. आणि आत जाऊन पोटभर रडली. तो आवडत होता, फार आवडत होता, हे तिला तेव्हा स्वतःपासून लपवता येईना.

आई मात्र तशी गप्प बसणारी नव्हती. इतिहासवाला बस स्टँडवर दिसताच तिनं त्याला गाठलं आणि त्या दोघांची सगळी कहाणी ऐकवली. हे लेकीला फार उशिरा कळलं.

पुन्हा एका ओलसर सकाळी ती बाही टाचत होती. दारात कुणीतरी बूट घासले. घासण्यावरूनच तिनं ओळखलं, पण मान वर केली नाही. तो बाकाच्या टोकाला बसला. पोस्टमनआजोबांनी आपला नंबर देऊ केला, तर म्हणाला, "नको, सगळ्यांबरोबर येईल तेव्हा येईल."

ती एकेकाचं ऐकत होती, म्हणजे ऐकल्यासारखं करत होती. बाही उलटी टाचली गेली होती. अखेर त्याची पाळी आली.

"त्याचं असं झालं…" त्यानं सुरुवात केली.

"आधी काय हवंय ते," अख्खा बाक एकदम म्हणाला.

त्यानं कोटाचं ते घट्ट बटण उगाच चाचपलं.

"शनिवार," तो म्हणाला. "इथले सगळे शनिवार. आणि… चालणार असेल तर मधले वारसुद्धा."

तिनं हातातली टाचणी बाहीत खोचली.

"आता कहाणी," ती हळूच म्हणाली.

"कालव्यापलीकडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची जागा होती. मागितली, मिळाली. तुम्ही कुठं जायला नको, काही बंद करायला नको. मीच येतो. आणि ते शेवटचं वाक्य खोडलं."

"त्याच्या जागी काय लिहिलंत?"

"काही नाही. जे चालू आहे त्याचा शेवट कसा लिहायचा?"

तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि दोन्ही लपवायला हाताशी एक उलटी बाही तेवढी होती.

"उत्तर पुढच्या शनिवारी," ती म्हणाली.

"आठवडाभर?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"हो म्हण की गं," आजी कळवळल्या.

त्याचा चेहरा इतका पडला, की तिला राहवेना. "तक्रार गंभीर दिसतेय. पाहणी करावी लागेल. आज संध्याकाळी, कालव्याच्या पुलावर."

तो उठला, दाराशी गेला.

"कुठं निघालात?" तिनं टेबलाखालून बाबांचं स्टूल ओढलं. बाबा गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. पदरानं पुसून तिनं ते मशीनशेजारी ठेवलं. "बसा इथं. अजून माणसं आहेत."

तो बसला. तिचा हात स्टुलावरून निघायला जरा उशीर झाला, आणि त्याचा हात तिथंच होता.

"आणि माझ्या नळाचं काय?" आजी म्हणाल्या.

तिनं उलटी बाही सोडवायला घेतली होती आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या होत्या. मग तोच पुढे झुकला.

"बोला आजी," तो म्हणाला. "आधी काय हवंय ते सांगा."