सतरा नंबरचं पाणी

टक्... टक्, टक्, टक् — आणि मग लांबवर घरंगळत गेल्याचा आवाज.

रविवारची संध्याकाळ होती. घरात इतकी शांतता, की कागदावर पेन टेकलेलंही ऐकू यावं. माझं पेन टेकलेलंच होतं. एक सही तेवढी राहिली होती.

"काय पडलं गं?" मी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"काही नाही," आतून ठिपकी म्हणाली.

माझ्या सहा वर्षांच्या लेकीचं 'काही नाही' म्हणजे हमखास काहीतरी असतं. पण मी उठले नाही. समोरचा कागद सोडवत नव्हता. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'प्रकाशयोजना करणाऱ्या गृहस्थांनी चित्र क्रमांक सतराला वारंवार, हेतुपुरस्सर हात लावला असावा, असा माझा संशय आहे.'

संशय घेणं ही माझी नोकरीच आहे. म्युझियममध्ये येणारी प्रत्येक वस्तू मी तपासते. हातमोजे, भिंग, टॉर्च आणि एक पत्रक. टॉर्च तिरपा धरला की सपाट दिसणाऱ्या कागदावरही ओरखडे उठून दिसतात. माणसांवर असा टॉर्च मारता येत नाही, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं... ठिपकीचे बाबा अगदी सरळ चेहऱ्याने 'दोन दिवसांत येतो' म्हणून गेले, तेव्हा. तेव्हापासून सरळ चेहऱ्याचीच मला जास्त भीती वाटते.

आणि हा माणूस तर भेटला तोच अंधारात.

नव्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागायचं होतं. चाळीस फोटो, आणि एकातही माणूस नाही. नुकतंच कुणी उठून गेलेलं अंथरूण. वाफ धरलेला आरसा. अर्धवट उघडं दार. मी टॉर्च घेऊन आरशाच्या फोटोपुढे वाकले होते, तोच वरून प्रकाशाचा गोल माझ्या पाठीवर पडला.

"जरा डावीकडे सरकता का? तुमची सावली पडतेय फोटोवर."

वर पाहिलं, तर शिडीच्या टोकावर एक माणूस बसलेला. पाय खाली सोडलेले, तोंडात स्क्रू.

"सावली माझी आहे. मला हवी तिथे पाडेन."

"पाडा की. पण मग तुम्हालाही प्रदर्शनात धरावं लागेल. एक्केचाळिसावी." त्याने स्क्रू तोंडातून काढला. "नाव काय लिहू खाली?"

"लिहा — 'कामात व्यत्यय'."

तो हसला. वरून हसणारा माणूस मला आवडत नाही. पण खाली उतरल्यावरही तो तसाच हसत होता, आणि तेव्हा मात्र जरा... असो.

प्रदर्शन सुरू झालं. सहा आठवडे चालणार होतं, आणि तोवर दिव्यांची देखभाल त्याच्याकडे होती. दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळच्या फेरीत, मला सतरा नंबर तिरका दिसला.

सतरा नंबर म्हणजे खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला एक काचेचा पेला. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, बस्स. फोटो काढणाऱ्या बाईंचा हट्ट होता, की हा फोटो खाली लावायचा आणि समोर बाक ठेवायचा, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाणी येईल. बाकीची चित्रं बोटभर कलली तरी पटकन कळत नाहीत. इथे मात्र पेल्यातलं पाणीच कलायचं. जणू सगळी खोली बुडायला लागलीय.

मी त्याला बोलावलं. तो पाणसळ घेऊन आला. पिवळी पट्टी आणि तिच्यात काचेची नळी, नळीत एक हिरवट बुडबुडा. ती त्याने चौकटीवर ठेवली, चौकट हलक्या हाताने हलवली. बुडबुडा सरकत सरकत बरोबर मध्ये येऊन थांबला.

"झालं. पाणी जागेवर आलं," तो म्हणाला. "तुमचं काय?"

"माझं काय?"

"कपाळावरची आठी. तीही सरळ करून देतो, पट्टी आहेच हातात."

मी हसले. चुकून. बाकावर ठिपकी पाय हलवत बसली होती. तिच्या शाळेला त्या आठवड्यात सुट्टी होती, एरवी ती दुपारी चारला यायची. घरी बघायला कुणी नाही, म्हणून म्युझियमच्या संचालक मॅडमनी खास सवलत दिली होती: माझं काम संपेपर्यंत मुलीने त्या बाकावर बसायचं. ठिपकीने त्याचं बारसं तिथल्या तिथे उरकलं — शिडीकाका.

गुरुवारी सतरा नंबर पुन्हा तिरका. शनिवारी पुन्हा. पुढच्या आठवड्यात तर तीनदा.

दारावरच्या सुरक्षारक्षक मावशी सगळं बघत असतात. "तुझ्या तक्रारीला काय गं, रोज वेळेवर बोलावणं," त्या म्हणाल्या, "आणि तो बघ, बोलावणं यायच्या आधीच भांग पाडून उभा."

"मावशी, काहीतरीच!"

"माझं काय जातंय? मी आपली दाराशी बसणारी."

मी म्हटलं काहीतरीच, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. संध्याकाळी प्रदर्शन बंद झाल्यावर दालनात एकटा तोच थांबतो, बल्ब बघायला. सतरा नंबर खांबाआड आहे, कॅमेऱ्यात येत नाही. आणि प्रत्येक वेळी बोलावणं कुणाला जातं? त्यालाच.

एकदा मी विचारलंच. "हे चित्र तुमच्याच वाट्याला का येतं हो नेहमी?"

"नशीब म्हणतात याला."

"मी नशीब मानत नाही. ठसे मानते."

त्याचा हात थांबला. अगदी क्षणभर. मग खिशातून मऊ फडकं काढून त्याने चौकटीची खालची कड पुसली... माझा टॉर्च बाहेर यायच्या आत.

"काय पुसलंत?"

"धूळ."

"माझ्या दालनात धूळ नसते."

"मग सवय," तो म्हणाला. पण बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. नेहमी बघायचा.

रोजची फेरी मी उभ्याने करते. चित्राचा चेहरा आणि वरची कड. खालच्या कडेसाठी वाकायचं ते पंधरवड्यातून एकदा. हे त्याला ठाऊक असणार. म्हणून तर खालची कड! आता मात्र माझ्या मनात काही शंका उरली नाही. हा माणूस माझ्याशी चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून दुसऱ्याच्या कलाकृतीला हात लावतो, वर पुरावा पुसतो. एखादीला याचं कौतुकही वाटलं असतं. मला नाही वाटलं. कारण त्या चार शब्दांची मीही वाट बघायला लागले होते, सकाळी केस दोनदा विंचरून. आणि ते शब्द बनवलेले निघाले.

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी मी त्याला बाकापाशी गाठलं. "खरं सांगा. तुम्हीच करता ना हे?"

त्याची नजर त्या पेल्यावर होती.

"समजा... हो म्हटलं तर?"

"समजा नको. हो की नाही?"

"हो," तो म्हणाला. चेहरा अगदी सरळ. "मीच."

मॅडमपर्यंत बातमी आधीच गेली होती. त्यांनी सोमवारी सकाळपर्यंत लेखी मागितलं. त्याने 'हो' म्हटलं तरी मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून 'संशय' एवढंच लिहिलं. सोमवारी म्युझियम बंद असतं, निवांत बसून निकाल लावता येतो.

तर — तो कागद समोर होता, सही राहिली होती, आणि आतल्या खोलीतून पुन्हा आवाज आला. टक्. टक्, टक्.

आता मी उठले.

ठिपकी खुर्चीवर चढली होती. भिंतीवर आम्हा दोघींचा एक फोटो आहे, तो तिने चांगलाच वाकडा केला होता. त्याच्या वरच्या कडेवर ती गोटी ठेवत होती. गोटी घरंगळायची, जमिनीवर पडायची, की ही उतरून आणायची, फोटो थोडा सरळ करायची आणि पुन्हा ठेवायची.

"हा काय उद्योग?"

"आपल्याकडे बुडबुडा नाहीये ना. म्हणून गोटी." तिने जीभ दातात धरून फोटो आणखी केसभर हलवला. गोटी थांबली. "बघ! पाणी जागेवर आलं."

"ठिपके... सतरा नंबर कोण वाकडा करतं?"

ती खुर्चीवरून उतरली. फ्रॉकचं टोक पिळायला लागली.

"मी काकांना वचन दिलं होतं, नाही करणार म्हणून. त्यांनी पाहिलं होतं मला. म्हणाले, हात लावायचा नसतो, फोटो दुखावतो. पण मी परत केलं... आणि परत."

"पण का गं? बुडबुडा बघायला?"

"बुडबुडा पण," ती म्हणाली. "आणि शिडी आली की तू हसतेस. एरवी कुठे हसतेस?"

मी खाली बसले, तिथेच, जमिनीवर. खालची कड. बाकावर बसलेल्या मुलीच्या हाताच्या उंचीची. चिकट बोटांचे छोटे छोटे ठसे असतील तिथे, वाकून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी दिसले असते. त्याने वाकून पाहिले होते. आणि पुसले होते.

सोमवारी ठिपकीचा हात धरून मी म्युझियम गाठलं. तो दालनातच होता, शिडीची घडी घालून, हत्यारांची पेटी बंद करून.

"पेटी का भरलीत?"

"मॅडमना मी शनिवारीच सांगून टाकलं. तुमच्या कागदाची वाट कशाला बघायची?"

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, कागद फाडून त्यांच्यासमोर ठेवला आणि नवा लिहून दिला. मॅडमनी तो वाचून म्हटलं, "त्यांचं काम चालू राहील. पण मुलीची सवलत बंद. उद्यापासून ती दालनात दिसता कामा नये." मी मान हलवली. चूक आमचीच होती.

बाहेर आले, तर ठिपकी बाकावर आणि तो तिच्या शेजारी. दोघंही पेल्याकडे बघत बसलेले.

"बंद झाली ना सवलत?" त्याने विचारलं. माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. "म्हणून तर म्हटलं मीच. माझं काय, मी शिडी उचलून कुठेही गेलो असतो. तुम्ही हिला कुठे ठेवणार होतात?"

"मावशींच्या खोलीत बसेल. येताना विचारलं, त्या हो म्हणाल्यात." मी त्याच्याकडे वळले. "मला तरी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर तुम्ही लिहिलंच असतं. खोटं लिहिणाऱ्यातल्या नाही तुम्ही. म्हणून तर मला..."

"म्हणून तर काय?"

तो उठला. सतरा नंबर किंचित कललेला होता, शनिवारपासून तसाच. त्याने पेटी उघडून पाणसळ काढली. पण चौकटीला हात लावला नाही. ती माझ्यापुढे धरली.

"हसायच्या आधी तुमच्या ओठाचा डावा कोपरा थोडा वर जातो," तो हळूच म्हणाला. "तेवढा तिरकेपणा मी कधीच सरळ करणार नाही. म्हणून तर — इतकंच."

मी पट्टी घेतली. त्याची बोटं काढायला त्याने घाई केली नाही... मीही नाही. वाकले, चौकट हलवली. बुडबुडा सरकला, या वेळी माझ्या हाताने, आणि मध्ये येऊन थांबला. माझा माणसांवर विश्वास बसला, असं मी म्हणत नाही. पण टॉर्च त्या दिवशी पर्समध्येच राहिला होता.

"तुमच्यावर संशय घेतला मी," मी म्हटलं.

"घ्या की. रोज घ्या. फक्त समोर बसून घ्या."

हसू आलंच. ठिपकीने ते बघितलं, आणि मग पेल्याकडे, बुडबुड्याकडे, त्याच्या घडी घातलेल्या शिडीकडे. प्रदर्शनाचे दोनच आठवडे उरले होते. ती माझ्या कुशीत शिरली आणि अगदी काळजीने, कानाशी म्हणाली,

"आई, आता तर सगळं सरळ झालं. मग शिडीकाका कशासाठी येतील?"