एका बाजूइतका राग

"बोटं काढा तिथनं… तिला लागतंय."

आसियानं दचकून मागं पाहिलं. बारामतीच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगाशी ती उकिडवी बसली होती. हातात एक रेकॉर्ड होती, थेट रेघांवर बोटं टेकवून धरलेली. मागं एक उंच, सावळा माणूस उभा होता, कपाळाला आठी घालून.

"तुमची आहे का?"

"माझी न्हाय. पण उद्या कुणाची तरी व्हायचीय."

तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. त्यानं दोन तळवे हवेत समोरासमोर धरून दाखवले. "कडेनं धरा. अशी."

"अब्बांसाठी हवीय. चांगली वाजणारी. हिचं कव्हर अगदी नवं दिसतंय—"

"कव्हर ऱ्हाऊ द्या. उन्हात तिरकी धरा. काळीभोर चमकली तर जीव हाय. राखाडी दिसली तर सुईनं खाल्ली समजा. आन् मधल्या भोकापाशी बघा, ओरखडे किती हायत. जेवढे ओरखडे, तेवढ्यांदा वाजवलीय."

"म्हणजे जखमा मोजायच्या."

"रेकॉर्डच्या," तो म्हणाला. "माणसांचं मला कळत न्हाय."

"मला कळतं," आसिया पटकन बोलून गेली. मग तिलाच वाटलं, कशाला बोलले?

त्याचं नाव तौसिफ. बारामतीत त्याचं साउंड सिस्टीम दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. लोकांच्या घरी प्लेअर आणि स्पीकर बसवून द्यायचे, आणि त्यांच्यासाठी गावोगाव हिंडून चांगल्या वाजणाऱ्या रेकॉर्ड शोधायच्या, हा त्याचा उद्योग. आसियाचे अब्बा मकसूदभाई. इंदापुरात त्यांनी तीस वर्षं लग्नांना लाउडस्पीकर लावले होते. आता घरात एक प्लेअर होता, दोन स्पीकर होते, आणि लग्नांतून झिजून आलेल्या खरखरत्या रेकॉर्ड होत्या.

"एका रविवारी येऊन ऐकून जातो," तौसिफ म्हणाला. एका रविवारी आला… मग दर दुसऱ्या रविवारी येऊ लागला. बारामतीहून सणसरमार्गे मोटरसायकलचा आवाज घेऊन, पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून.

आसिया कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होती. तिची पाच वर्षांची मुलगी रोशन पहिल्याच दिवशी तौसिफला "मामा" म्हणाली. घरी येणाऱ्या पुरुषाला मामा म्हणायचं, असं आसियानंच शिकवलं होतं.

"मामा सोडून कायबी म्हण गं," तो घाईघाईनं म्हणाला.

"का?" रोशननं विचारलं.

"तुझ्या अम्मीला भाऊ करून घ्यायचा न्हाय मला."

अब्बांना पेपराआड खोकला आला. आसिया चहा आणायला उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कपच विसळत राहिली.

तो बोलायचा कमी, ऐकायचा फार. तीच सनई तीन वेगवेगळ्या रेकॉर्डवर ऐकवून विचारायचा, "कुठल्या ठिकाणी वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू आला?" आसिया डोळे मिटून ऐकायची… आणि डोळे उघडले की तो तिच्याकडे बघत असायचा. मग दोघंही स्पीकरकडे बघायचे.

तिसऱ्या महिन्यात त्यानं स्वतःची एक रेकॉर्ड आणली. सणसरच्या एका बंद पडलेल्या मंडपवाल्याकडं पूर्वी मिळालेली, सनईचीच. कुठंही नवे स्पीकर बसवले की तो आधी ही लावायचा. हिच्यात श्वास, लाकूड, बोटं उचलल्याचा आवाजसुद्धा यायचा.

"हिच्याच चार प्रती मिळाल्या मला. तीन मुक्या. बोलती ती हीच," तो म्हणाला. "हितंच ठेवून जातो."

"तुमची कसोटीची रेकॉर्ड? मग कामाला काय वापराल?"

"येईन की मागायला." मग रोशनकडे वळून म्हणाला, "हिला ओल लागू द्यायची न्हाय बरं का. ओल राहिली की बुरशी येती." आणि जिन्यात, चपला घालता घालता, अगदी हळू— "अब्बांशी बोलू का मी?"

आसियाच्या तोंडावर 'हो' आलं होतं. ती म्हणाली, "थोडं थांबा."

"कशासाठी?"

ते तिनं सांगितलं नाही. कसं सांगायचं? तिचा पहिला नवरा तिला बघायला आला तेव्हा इतका गोड बोलला होता, की चुलत्यांनी त्याच दिवशी सुपारी फोडली. त्याला राग येतो हे लग्नानंतर कळलं. आधी ताट फेकलं, मग मोबाइल… मग एक दिवस रोशनच्या अंगावरून स्टूल गेलं. तेव्हा ती पोरीला घेऊन इंदापूरला आली ती आलीच. अजून कुणाचा आवाज चढला की रोशन कानांवर नाही, डोळ्यांवर हात ठेवायची. तेव्हाच आसियानं मनाशी ठरवलं होतं— माणूस रागावल्यावर कसा असतो हे बघितल्याशिवाय पुन्हा हो म्हणायचं नाही. तौसिफला रागावलेलं तिनं अजून पाहिलंच नव्हतं. तीच तिची भीती होती.

तो पुन्हा येणार होता त्या रविवारी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. दुपारी परतायला म्हणून आसिया वर गेली आणि जिन्याच्या दारातच थांबली. पांढऱ्या धोतरावर, पांढऱ्या कुरडयांच्या रांगेत, नीट जागा करून, एक काळी रेकॉर्ड ठेवली होती. कडा वर उचललेल्या… कढईत टाकलेल्या पापडासारख्या.

"अम्मी, तिच्यावर धूळ होती," मागून रोशन म्हणाली. "मी धुतली. मग ओली राहिली ना, म्हणून वाळत घातली."

खाली मोटरसायकल थांबली.

लपवावी, हे पहिल्यांदा मनात आलं. आसियाचा हात पुढं गेलाही. पण ती थांबली. तिनं रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेनं उचलली, रोशनला पाठीशी घेतलं आणि खाली आली.

तौसिफनं रेकॉर्ड पाहिली. हातात घेतली, डोळ्यांसमोर आडवी धरली. त्याच्या गालाची शीर उडायला लागली. कानशिलं लाल झाली.

"कुणी केलं?" आवाज चढलेला होता. स्वच्छ चढलेला.

रोशनचे हात डोळ्यांवर गेले.

त्यानं ते पाहिलं. रेकॉर्ड टेबलावर ठेवली, हलकेच, आणि दोन पावलं मागं सरला. "मला राग आलाय," तो म्हणाला. "लय आलाय. मी भाईर बसतो. आत्ता माझ्याशी कुणी बोलू नका."

तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला, पाठ करून. मोटरसायकलची किल्ली मुठीत होती. निघून जाईल, आसियाला वाटलं. किंवा ती किल्ली भिंतीवर आदळेल. दाराची कड धरून ती त्या मुठीकडे बघत राहिली.

तेवढ्यात रोशन तिच्या हाताखालून सटकली आणि पायरीपाशी गेली. आसियाला हाकही मारता आली नाही.

"तुम्ही मारणार?"

"न्हाय." त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"पण राग आलाय ना?"

"आलाय की. राग आला म्हंजी मारायचं असतंय व्हय?"

रोशननं विचार केला. "मग किती वेळ राहणार?"

"एक बाजू वाजून संपेपर्यंत."

"केवढी असते?"

"वीस मिनिटं."

रोशन त्याच्यापासून दोन पायऱ्या सोडून बसली, वीस मिनिटं जायची वाट बघत. मधे एकदा म्हणाली, "झाली?" तो म्हणाला, "न्हाय अजून. निम्मी बी न्हाय." त्या आवाजात धार तशीच होती. पण ती उठली नाही, आणि तिचे हात मांडीवरच होते. आसिया ते हात बघत होती. कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपण दाराची कड सोडली आहे.

मग तो उठून आत आला. दोन काचा मागितल्या. काचांमधे रेकॉर्ड दाबून त्यानं ती तासभर उन्हात ठेवली, शेजारी स्वतः बसून राहिला. आत आणून ती गार होऊ दिली, मग प्लेअरवर लावली. सनई सुरू झाली… आणि दर फेऱ्याला सूर खाली ओघळून पुन्हा वर आला, हुंदक्यासारखा. श्वास तर ऐकूच आला नाही.

"गेली," तो म्हणाला.

"दुसरी मिळेल—" आसिया म्हणाली.

"न्हाय मिळायची. उगं काय बोलायचं." तो रोशनकडे वळला. "चूक झालीय तुझी. हितनं पुढं मला इचारल्याबिगर रेकॉर्डला हात लावायचा न्हाय. कळलं?"

रोशननं मान हलवली. रडली नाही.

"तौसिफ," आसिया म्हणाली. तिनं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. "अब्बांशी बोला."

त्याला नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"जिन्यात विचारलं होतंत ना… ते. बोला त्यांच्याशी."

"आज?" तो वैतागून म्हणाला. "आज माझं डोकं ठिकाणावर न्हाय, बाई. बोलायला गोडवा बी लागतो तोंडात. उद्या बोलतो."

"उद्या नको." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. "गोड बोलणारा माणूस आला होता एकदा ह्या घरात. तुम्ही आजच जा… रागात आहात तोवर."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग रोशनकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे. हळूहळू त्याला सगळं कळत गेलं. ती त्याचा चेहरा वाचत उभी होती, न घाबरता.

"केस तरी नीट करू का?"

"काही करू नका."

अब्बांच्या खोलीतून पेपराची सळसळ आली आणि थांबली. तौसिफनं शर्टाला हात पुसले. कपाळावर आठी होती, कानशिलं अजून लालच होती. तसाच तो आत गेला.

"अब्बा," तो जरा घोगऱ्याच आवाजात म्हणाला, "उठा जरा. बोलायचं हाय."