सातव्या बेटावर दोन नावं

तो आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना ग्रीस लागलं होतं, आणि ते हात कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. शेवटी त्यानं ते पाठीमागे नेले.

"त्या सात बेटांचं तुम्हीच बघता ना?"

तिनं स्क्रीनवरून मान वर केली. चौथ्या मजल्यावरच्या त्या प्रवास कंपनीत बेटांचं टेबल तिचंच होतं. पण लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला हे कसं ठाऊक?

"हो. कुणी सांगितलं?"

"तुम्हीच." त्यानं तिच्या खुर्चीमागच्या भिंतीकडे मान हलवली. "या भिंतीपलीकडे लिफ्टची विहीर आहे. तीन दिवस मी तिच्यात लटकतोय. तुमचा आवाज पार तळमजल्यापर्यंत येतो. तिसऱ्या बेटावरून चौथ्यावर जाणारी बोट मंगळवारी आणि शुक्रवारीच असते, हे मला आता पाठ झालंय."

पलीकडच्या टेबलावर तिकिटं काढणाऱ्या ताई फिसकन हसल्या.

"शनिवारीही असते. पण फक्त उन्हाळ्यात," ती म्हणाली. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवत नसे.

"बरं, शनिवारीही." तो थोडा घुटमळला. "एक विचारायचं होतं... एकट्या माणसाला चालतात का हो ती बेटं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. बेटांवर नवी जोडपी जात, मैत्रिणींचे घोळके जात, निवृत्त नवरा-बायको एकमेकांच्या गोळ्यांचे डबे सांभाळत जात. फॉर्मवर 'प्रवासी संख्या' असा रकाना होता आणि त्यात दोन हा आकडा आधीच छापलेला होता. तिनं त्यावर रेघ मारली आणि शेजारी एक लिहिलं.

"चालतात," ती म्हणाली. "बसा ना."

"खुर्ची खराब होईल."

"मग उभे राहा. पण सोळा दिवसांचं नियोजन आहे, पाय दुखतील."

तो बसला.

त्यानंतर रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो येऊ लागला. हात घासून घासून लाल केलेले असत. बेटांची ती माळ उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेली होती. उत्तरेच्या टोकाला मोठं जहाज लागायचं. दक्षिणेच्या टोकाला, सातव्या बेटावर, छोटंसं विमानतळ होतं. मधली पाच बेटं लहान बोटींनी जोडलेली. ती नकाशावर पेन्सिल टेकवून सांगत जायची, "इथं हवा ना धड गरम, ना धड थंड. संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. दुसऱ्या बेटावर उसाची शेतं थेट समुद्रापर्यंत जातात. पाचव्यावर वारा इतका, की घरांच्या खिडक्या एकाच बाजूला ठेवतात."

"कुठल्या?"

"पश्चिमेच्या. आणि बोटीत डाव्या हाताला बसा, किनारा दिसत राहतो."

"मला किनारा दिसला नाही तरी चालेल. मला फक्त आडवं जायचंय." तिच्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह बघून तो हसला. "अठरा वर्षं वर-खाली करतोय मॅडम. एकदा सरळ, सपाट, लांबवर जाऊन बघायचंय."

तीही हसली. मग तो सहज विचारावं तसं म्हणाला, "तुम्ही किती वेळा गेलात?"

पेन्सिल चौथ्या बेटावर थांबली.

"एकदाही नाही."

"पण त्या खिडक्या..."

"फोनवर कळतात. प्रवाशांना खोल्या देणाऱ्या तिथल्या घरमालकिणी बोलक्या आहेत. कुणाच्या गुडघ्याचं दुखणं कुठवर आलंय तेही मला माहीत असतं." ती थोडी थांबली. "गेले नाही, एवढंच. एकटीनं जायचं म्हणजे... आपणच आपल्याला तिकीट काढून द्यायचं, आपणच आपल्याला शुभेच्छा द्यायच्या."

 तो नकाशाकडे बघत राहिला, आणि ती एरवी कुणासमोर बोलली नसती असं काहीतरी बोलून गेली आहे, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

ती एका धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती. खोलीला कायम गरम इस्त्रीचा वास असे. एक पलंग, एक शेगडी, दोन कप. त्यातला एक अजून कागदात गुंडाळलेला. दर रविवारी दादाच्या घरून फोन यायचा. वहिनी विचारायची, "मग, काय विशेष?" आणि ती म्हणायची, "काही नाही गं, नेहमीचंच." पुढं दोघींना बोलायला काही उरत नसे, म्हणून वहिनी भाचीच्या हातात फोन द्यायची. या रविवारीही ती तेच म्हणाली. पण म्हणताना आपण खोटं बोलतोय असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

नियोजन पुरं व्हायला आलं आणि अडचण निघाली. हंगामात बेटांवरची घरं एकट्या माणसासाठी खोली अडवून ठेवत नाहीत. कंपनीत यावर एक जुना उपाय होता. दुसऱ्या प्रवाशाच्या जागी टेबलावरच्या माणसानं आपलं नाव टाकायचं, खोली धरून ठेवायची, मग घरमालकांशी बोलून त्यांना राजी करायचं आणि शुक्रवारी पाचच्या आत आपलं नाव काढून टाकायचं. पाचला सगळी आरक्षणं आपोआप बेटांवर जायची, आणि मग तिथले घरमालक आपल्या हातानं पाहुण्याला पत्र लिहून पोस्टानं पाठवायचे. ती तिथली रीतच होती. सहा वर्षांत तिनं शेकडो अनोळखी माणसांशेजारी आपलं नाव लिहिलं होतं आणि वेळेआधी पुसलं होतं. एकदाही विसरली नव्हती. साहेब नव्या लोकांना तिचं उदाहरण द्यायचे.

त्या शुक्रवारी सातही घरं राजी झाली होती. साडेचार वाजता स्क्रीनवर सात ओळी होत्या. प्रत्येक ओळीत त्याचं नाव आणि शेजारी तिचं. ती वाचत राहिली. नाव काढायला सात वेळा बोट दाबायचं, इतकंच काम होतं. चहा पिऊन काढू, असं तिनं ठरवलं.

पावणेपाचला तो दारात उभा राहिला.

"झाली तुमची लिफ्ट. पहिली फेरी तुम्ही मारायची."

"मी? का?"

"वजन घालून चाचणी घ्यावी लागते. एरवी वाळूच्या गोण्या ठेवतो. आज गोण्या आल्या नाहीत."

"म्हणजे मी गोणी!"

"अर्धी," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्हाला बघून वाटतं, दुपारचा डबा तुम्ही पुरता खात नाही."

तिकीटताई स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, "जा गं बाई. रोज चार मजले चढून आमचे गुडघे गेले, कुणीतरी खात्री करून घ्यायलाच हवी."

लिफ्टमध्ये नव्या रबराचा वास होता. दार बंद झालं. लिफ्ट सहा माणसांची होती, आणि तरीही ते दोघं दोन कोपऱ्यांत उभे होते. चौथ्यावरून तळमजला. तळमजल्यावरून चौथा.

"खाली यायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"अकरा सेकंद."

"एवढंच?"

"हळू करता येते. पण मग लोक तक्रार करतात..."

त्यानं पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. एका फेरीत तो म्हणाला, "गोण्या बोलत नाहीत, हे त्यांचं बरं असतं. पण दिवसभर त्यांच्याबरोबर वर-खाली केलं ना, की संध्याकाळी घरी आपलाच आवाज ओळखू येत नाही." तो हसत हसत म्हणाला होता. ती हसली नाही. तिनं स्वतःच हात पुढं करून चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. किती फेऱ्या झाल्या, ते मोजणाऱ्या स्वभावाची असूनही तिनं मोजलं नाही.

ती जागेवर परत आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती, आणि स्क्रीनवरच्या सात ओळी जाऊन तिथं एकच ओळ उरली होती. आरक्षणं पाठवली आहेत.

सोमवारी सकाळी तिनं एकेका बेटावर फोन लावला. चूक झाली, प्रवासी एकच आहे, दुसरं नाव काढा. पहिल्या बेटावरची म्हातारी हळहळली, "अगं, पत्र तर कालच टाकलं मी." दुसरीकडेही तेच. सहा ठिकाणी नाव निघालं. सातव्या बेटावर फोन लागेना. तिनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा केला नाही.

त्याचा नंबर फॉर्मवर होता. त्याला सांगणं तिचं कामच होतं. 'तुम्हाला आलेल्या पत्रांत एक नाव जास्त आहे, कृपया दुर्लक्ष करावं' असं एक वाक्य तिनं कागदावर लिहून काढलं आणि बघत बसली. दुर्लक्ष करावं. हेच लिहिता येईना.

लिफ्ट आता उत्तम चालत होती, त्यामुळं त्याला यायचं काही कारण नव्हतं. दार उघडताना ती बारीक घंटी वाजवायची. पहिला दिवस ती प्रत्येक घंटीला मान वर करत होती. चौथ्या दिवशी तिनं खुर्ची फिरवून घेतली. डबा ती आता टेबलावरच खायची, अर्धा. सातव्या दिवशी एका नव्या जोडप्याला तिनं बोटीचा वार चुकीचा सांगितला. तिकीटताईंनी तो मुकाट्यानं दुरुस्त केला आणि तिच्यापुढं चहा ठेवला. रविवारी वहिनीनं विचारलं, "मग, काय विशेष?" ती इतका वेळ गप्प राहिली की वहिनीला वाटलं फोन कट झाला.

दहाव्या दिवशी तो आला. घंटी वाजली नव्हती. त्याला धाप लागली होती.

"लिफ्ट बंद पडली?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"नाही. जिन्यानं आलो. काय बोलायचं ते ठरवायचं होतं. लिफ्टमध्ये अकराच सेकंद मिळतात."

"मग ठरलं?"

"नाही. चार मजलेही कमीच पडले."

तो बसला आणि खिशातून सहा पाकिटं काढून टेबलावर ठेवली. खाऱ्या हवेनं मऊ पडलेली. "एकेक करत आली. वाचू? 'आपणा दोघांसाठी कोपऱ्यातली खोली ठेवली आहे.' हे दुसरीकडचं, 'बाईंना बोट लागत असेल तर पुढं बसवू नका.' आणि हे पाचवं, 'इथं वारा फार. दोघं जण असाल तर बरं, एकट्यानं दार बंद होत नाही.'"

तिचे कान तापले. टेबलावरचे कागद सारखे करत ती म्हणाली, "कंपनीच्या वतीनं दिलगीर आहे. खोली धरून ठेवायला आम्ही आमचं नाव टाकतो. पाचच्या आत काढायचं असतं. माझ्या हातून राहिलं."

"पाच वाजता कुठं होतात?"

तिनं वर बघितलं. "तुम्हाला माहीत आहे."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"लिफ्टमध्ये."

तिकीटताई उठल्या आणि काहीतरी आणायला म्हणून आतल्या खोलीत गेल्या.

"मी सोमवारीच सगळीकडे फोन केले," ती घाईनं म्हणाली. "दुरुस्त केलंय. तुम्ही काळजी करू नका, नोंदीत तुम्ही एकटेच आहात."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यानं पाकिटं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या. "असं होय... म्हणजे ही पत्रं जुनी झाली." तो उठू लागला. "बरोबरच आहे. चूक ती चूक. मी आपलं उगाच... रोज टपालपेटी उघडून बघायचो, पुढच्या बेटावर आपण दोघं काय करतोय ते."

तो दारापर्यंत पोचला. यापुढचं एक वाक्य आपण बोललो नाही, तर ती खोली, तो रविवारचा फोन, ती शेगडी, सगळं आहे तसंच राहील, हे तिला स्वच्छ दिसलं.

"सहा ठिकाणी!" ती म्हणाली. आवाज जरा मोठाच आला. "सहा ठिकाणी दुरुस्त केलं. सातव्या बेटावर फोन लागला नाही."

तो वळला. "लागला नाही?"

"तीन वेळा लागला नाही." तिनं श्वास घेतला. "मग... मी लावला नाही."

तो पुन्हा येऊन बसला. घासून लाल झालेले हात त्यानं या वेळी टेबलावर ठेवले. "आत्ता लावून बघा," तो हळूच म्हणाला. "काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला चालेल. काहीही."

तिनं नंबर फिरवला. बराच वेळ घरघर ऐकू आली, मग पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट आणि एका बाईचा खणखणीत आवाज. तो त्यालाही ऐकू येत होता.

"हां, बोल गं! ते अठरा तारखेचं ना? दोन माणसं. पत्र टाकलंय मी, बोट उशिरा सुटली. काही बदल आहे का?"

"आहे," ती म्हणाली. पेन्सिल तिच्या हातात नव्हती आणि समोर वेळापत्रकही नव्हतं. "एका खोलीच्या दोन करा. माणसं दोनच. एक जण उत्तरेकडून येईल, सगळी बेटं करत, दुपारच्या बोटीनं. आणि एक जण... एक जण इथून थेट येईल. सकाळच्या विमानानं. चार दिवसांची रजा मिळाली तर."

"मिळेल!" आतल्या खोलीतून तिकीटताई ओरडल्या.

पलीकडे क्षणभर नुसत्या कोंबड्या. मग त्या बाईनं आवाज खाली आणून, काळजीनं विचारलं, "दोन खोल्या, दोन वाटांनी यायचं... भांडणबिंडण झालंय की काय पोरी?"

तिनं समोर बघितलं. तो श्वास रोखून बसला होता.

"नाही हो," ती म्हणाली. "अजून ओळख व्हायचीय."