स्वरवाटांमधल्या खुर्च्या

प्रयोगशाळेतल्या टेबलावर मिरजेजवळच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीची प्रतिकृती होती, आणि तिच्यात श्रोते म्हणून कापसाचे बोळे बसवले होते. ध्वनिशास्त्रज्ञ सुनेत्रा मगदूम संगीत महोत्सवाचे आयोजक विश्वंभर शेटे यांना समजावत होती.

“माणूस आवाज पितो, शेटेसाहेब. कपडे, केस, अंग, सगळंच पितं. म्हणून सूर डोक्यांवरून न जाता ह्या रिकाम्या पट्ट्यांमधून जाईल. ह्या स्वरवाटा. कडेला लावलेल्या ह्या वाकड्या फळ्या, म्हणजे ध्वनिपाती, तो उचलून बाजूच्या रांगांना देतील. लाउडस्पीकर एकही नाही, तरी कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू येईल.”

“आणि वाटेत कुणी बसलं तर?”

सुनेत्राने वाटांमध्ये कापूस भरला. मागच्या टोकाच्या मापकाचा काटा पार खाली गेला.

“बाप रे!” शेटे म्हणाले. कळलं होतं हो त्यांना, वाईट त्याचंच वाटतं.

हा सगळा खटाटोप अक्कांसाठी. इंदिराक्का बेळंके, सुनेत्राच्या गुरू. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज अगदी बारीक उरलेला, आणि माइकमधून येतो तो आपला आवाजच नव्हे, हे त्यांचं ठाम मत. एकदा, शेवटचं, भरल्या मैफलीत गायचं होतं त्यांना. “लोकांपर्यंत पोचेन ना गं?” असं फोनवर रोज विचारायच्या.

महोत्सवाच्या संध्याकाळी सुनेत्रा खाणीत उतरून बघते तर काय. सगळ्या स्वरवाटांमध्ये खुर्च्या! आणि खुर्च्यांवर माणसं.

“अहो, मागणीच एवढी आली,” शेटे म्हणाले. “एवढी जागा नुसती मोकळी ठेवायची? थोडं कमी ऐकू येईल, चालवून घेतील लोक.”

“थोडं कमी नाही हो, काहीच ऐकू येणार नाही! उठवा त्यांना.”

“तिकिटं काढून आलेल्यांना? मार खाऊ आपण.”

अक्का स्टेजवर येऊन बसल्याही होत्या. इतकी हौसेने नेसलेली पैठणी, इतका खुललेला चेहरा. ‘गाऊ नका’ म्हणायला सुनेत्राची जीभ रेटली नाही.

अक्का गाऊ लागल्या. पुढच्या चार रांगा सोडल्या तर बाकीच्यांना नुसते ओठ हलताना दिसले. “ऐकू येत नाही!” अशी ओरड झाली. मग शिट्ट्या. मग लोक चिडून उठले आणि फाटकाकडे निघाले. आधी वाटांमधले, कारण त्यांनाच बाहेर पडणं सोपं होतं.

वाटा मोकळ्या झाल्या. अक्का केव्हाच थांबल्या होत्या. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, “इतकं वाईट गायले का गं मी?”

ते शेवटच्या रांगेला ऐकू आलं. फाटकाशी पोचलेल्यांनाही, अगदी स्पष्ट.

सगळे जागच्या जागी थांबले. मग ओशाळून, लगबगीने मागे फिरले आणि आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसले.

“वाटेत बसू नका! तिथेच थांबा!” सुनेत्रा स्टेजशेजारून घसा फोडून ओरडली. पण वाटा पुन्हा भरल्या होत्या. तिचं तरी कुणाला ऐकू जाणार?

अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा सूर लावला. या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. ऐकू न येणारं गाणं माणसं शेवटपर्यंत ऐकत बसली.

खाली उतरताना अक्कांनी सुनेत्राचा हात घट्ट धरला. “शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं ना गं?”

“पोचलं, अक्का,” सुनेत्रा म्हणाली.

तिथवर पोचलं होतं ते अक्कांचं एकच वाक्य.